मुंबईंतील एक विमा-दलाल व त्याचें गिऱ्हाईक (इ. स. १९०२)

विमा हा शब्द जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. फारशी 'बीम' म्हणजे भय. त्यावरून बीमा, आणि तोच आपल्याकडे विमा झाला. सुजानराय भंडारी यानें इ. स. १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या 'खुलासत-उत्-तवारीख' या ग्रंथांत हुंडीच्या बरोबरीनें बीम्याचाही निर्देश केला आहे. ठराविक रक्कम घेऊन माल मुक्कामीं सुखरूप पोंचविण्याची जोखीम पत्करण्याची चाल त्या काळीं रूढ होती, हें त्यावरून उघड होतें. जोखमी हुंडी हा प्रकार तर ज्यांच्या हातांखालून सावकारी दप्तरें गेलीं आहेत त्यांच्या नित्य परिचयाचा. माल पोंचला तर हुंडी पटावयाची, बुडाला तर हुंडीही बुडावयाची. त्याही मागें जावयाचें तर याज्ञवल्क्यानें अरण्यांतून जाणाऱ्या व समुद्रावर जाणाऱ्या ऋणकोंस शेंकडा दहा व शेंकडा वीस असा चढता दर सांगितला आहे. त्यांत जोखमीचें मोल धरलेलें आहे, मात्र त्यास विमा म्हणणें अतिव्याप्तीचें होईल.

परंतु हा सगळा विमा मालाचा. ज्याचा माल गलबतावर चढला आहे तो आपण होऊन पेढीवर जातो. समुद्राचें भय त्यास कोणीं समजावून द्यावें लागत नाहीं. मनुष्याच्या आयुष्याच्या विम्याची गोष्ट याहून अगदीं निराळी आहे. आपण मरणार हें प्रत्येकास ठाऊक असतें, तथापि त्या ज्ञानानें कोणी उठून विमा कंपनीच्या कचेरीचा जिना चढत नाहीं. तेथें भयच गिऱ्हाइकाच्या दारीं नेऊन पोंचवावें लागतें, आणि तें नेणारा मनुष्य हाच या धंद्याचा खरा आधारस्तंभ होय. असें असतां, विम्याचा इतिहास लिहिणारे कंपनीच्या स्थापनेचें साल देतात, संचालकांचीं नांवें देतात, आयुर्मर्यादेच्या कोष्टकांविषयीं विस्तारानें लिहितात. आणि जो मनुष्य उन्हांतून पायपीट करून नांवें गोळा करी, एकाच दारीं चार चार वेळां जाई, त्याविषयीं अवाक्षर काढीत नाहींत. याचें कारण उघड आहे. कंपनीचे अहवाल छापले जात व जपले जात. दलालाचें साधन म्हणजे खिशांतील वही. कोणाच्या घरीं लग्न झालें, कोणास बढती मिळाली, कोणी 'पुढल्या महिन्यांत या' म्हणून वाटेस लावलें, अशा टिपणांची ही वही धंदा सुटला कीं रद्दींत जावयाची. आमच्या संग्राहक मित्रांस सनदा व महजर यांच्यापुढें असल्या वहीचें मोल वाटत नाहीं, हें स्वाभाविक असलें तरी दुःखद आहे.

दलालाची बाजू अशी लुप्त झाली असतां गिऱ्हाइकाच्या बाजूनें लिहिलेला एखादा वृत्तांत हातीं आला तर तो मोलाचा मानला पाहिजे. असा एक वृत्तांत मुंबईचाच आहे, आणि तो कोणत्याही दुर्मिळ बाडांत नसून घरोघरीं असलेल्या पुस्तकांत आहे. महात्मा गांधींच्या आत्मकथेच्या चौथ्या भागांतील चौथ्या व पांचव्या प्रकरणांत एका अमेरिकन विमा-दलालाची हकीकत आली आहे. हीं प्रकरणें सामान्यतः त्यागवृत्तीचा विकास कसा झाला हें पाहण्यासाठीं वाचलीं जातात, व लेखकाचा हेतूही तोच होता. प्रस्तुत लेखांत तीं धंद्याच्या इतिहासाचें साधन म्हणून तपासावयाचीं आहेत.

प्रथम कालनिर्णय. आत्मकथेचीं प्रकरणें इ. स. १९२५ ते १९२९ या अवधींत 'नवजीवन' पत्रांतून प्रसिद्ध झालीं. म्हणजे प्रसंग व लेखन यांत वीस वर्षांहून अधिक अंतर पडलें आहे. लेखकानें भेटीचा दिवस दिलेला नाहीं. मुंबईंत कचेरी थाटली त्या सुमारास, एवढेंच म्हटलें आहे. परंतु तेवढ्यावरूनही मर्यादा पुरेशी निश्चित होते. गांधीजी इ. स. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून परत आले, कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेस गेले, सुमारें महिनाभर गोखल्यांजवळ राहिले, मग कांहीं काळ राजकोटास वकिली केली, आणि १९०२ च्या जुलईंत मुंबईस येऊन राहिले. त्यांनीं फोर्टांत पेन, गिल्बर्ट व सयानी या सॉलिसिटरांच्या कचेरींत खोल्या घेतल्या व गिरगांवांत बिऱ्हाड केलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत नाताळहून तार आली व ते पुन्हां आफ्रिकेस निघून गेले. तेव्हां दलालाची भेट जुलई ते नोव्हेंबर १९०२ या पांच महिन्यांत, आणि बहुधा त्यांच्या आरंभीच्या भागांत झाली असें मानण्यास हरकत नाहीं.

या वेळीं गिऱ्हाईक कसें होतें तें पाहूं. वय तेहतिसाच्या आंतबाहेर, बॅरिस्टर, पत्नी व चार मुलगे, पैकीं धाकटा देवदास दोन वर्षांचा. परदेशांत चांगली मिळकत केलेला, परंतु गांठीं फारसें न ठेवलेला. नवी पाटी नुकतीच लागलेली. विमा-दलालाच्या दृष्टीनें याहून अनुकूल कुंडली क्वचितच जुळून येते. नवीन बिऱ्हाड, नवीन कचेरी, नवीन मूल, नवीन नोकरी हे या धंद्याचे मुहूर्त होत. कारण अशा वेळीं मनुष्य पुढील आयुष्याचा हिशेब आपण होऊन करीत असतो. पाटी रस्त्यावरून दिसते. वकिलांचीं व व्यापाऱ्यांचीं नांवें थॅकरच्या डिरेक्टरीसारख्या छापील पुस्तकांत मिळत. आणि एका सॉलिसिटरच्या कचेरींत शिरलेला मनुष्य शेजारच्या दारावरील नांव वाचल्याशिवाय परत फिरत नसे, हें सांगावयास पुरावा नको. आत्मकथेच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस गांधीजींनीं असेंही लिहिलें आहे कीं, गोखले आठवड्यांतून दोनतीनदां कचेरींत डोकावत व ओळख व्हावी म्हणून बरोबर मित्रांस आणीत. म्हणजे या नवागत बॅरिस्टराच्या खोलींत वर्दळ होती व त्याचें नांव कर्णोपकर्णीं होत होतें. अमेरिकन दलालास तें कोणत्या वाटेनें कळलें याचा शोध अनावश्यक आहे. वाटा मुबलक होत्या.

तो पहिला नव्हता, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेंत व हिंदुस्थानांत भेटलेल्या सर्व दलालांस आपण तोंपर्यंत दाद दिली नव्हती, असें गांधीजी स्वतःच सांगतात. आयुष्याचा विमा उतरणें म्हणजे भय धरणें व ईश्वरावर अविश्वास दाखविणें, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत आणि 'बीम' या शब्दाची व्युत्पत्ति यांचा मेळ पाहून कौतुक वाटतें. शब्दाच्या उदरांत दडलेलें भय त्यांनीं व्युत्पत्तीवांचूनच ओळखलें होतें.

आतां त्या मनुष्याचें बोलणें. त्याचें तोंड प्रसन्न व जीभ मधुर होती, आणि जुना स्नेही असावा तसा तो भावी हिताच्या गोष्टी बोलूं लागला, असें वर्णन आहे. त्याच्या भाषणाचा सारांश असा: अमेरिकेंत तुमच्या दर्जाचे सर्व गृहस्थ विमा उतरतात, तुम्हीही भविष्याची तरतूद करावी, आयुष्याचा भरंवसा नाहीं, आम्ही अमेरिकन लोक तर विमा उतरणें हें धर्मकर्तव्य समजतों, तेव्हां एखादी लहानशी पॉलिसी घेण्याचा मोह तुम्हांस घालूं काय?

हीं चारपांच वाक्यें वरवर पाहतां साधीं दिसतात. परंतु त्यांपैकीं एकही त्या दिवशीं सुचलेलें नव्हतें. दर्जाचा उल्लेख प्रथम, मरणाचा नंतर, व तोही ओझरता. शेवटीं मागणी अगदीं लहान. 'लहानशी पॉलिसी' म्हणून आरंभ झाला आणि शेवट दहा हजार रुपयांवर झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आयुष्याच्या भरंवशाविषयीं त्यास अधिक बोलण्याचें कारणही नव्हतें. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग शिरला तो १९०२ मध्यें हटला नव्हता. ज्या शहरांत दरसाल घरें ओस पडत होतीं तेथें मरण अनिश्चित वेळीं येतें हें सांगणाऱ्यास श्रोत्यानेंच गप्प केलें असतें.

सर्वांत लक्षणीय वाक्य धर्मकर्तव्याचें. गांधीजींनीं आपला आक्षेप बोलून दाखविला असें लिहिलेलें नाहीं. मग न विचारलेल्या शंकेचें हें उत्तर त्या परदेशी मनुष्याच्या तोंडीं कसें आलें? याचा उलगडा अमेरिकेच्या इतिहासांत आहे. तेथेंही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आयुष्याच्या विम्यास मुख्य विरोध याच स्वरूपाचा होता. मरणावर पैसा लावणें हा जुगार होय, आणि विधवा व अनाथ यांचा सांभाळ करण्यास ईश्वर समर्थ असतां कंपनीकडे धांव घेणें हें अश्रद्धेचें लक्षण होय, असें धर्मनिष्ठ लोक म्हणत. हा विरोध मोडण्यासाठीं कंपन्यांनीं धर्मोपदेशकांनाच आपल्या बाजूस घेतलें. ब्रुकलिनचे प्रख्यात उपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनीं विमा उतरणें हें कुटुंबवत्सल ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे असें उघड प्रतिपादन केलें व कंपन्यांनीं त्याचा धंद्यासाठीं उपयोग केला. म्हणजे ईश्वरावर विसंबणारा मनुष्य भेटणार हें गृहीत धरून हें उत्तर एक पिढी आधींच तयार करून ठेवलेलें होतें. ख्रिस्ती घरांसाठीं घडविलेली किल्ली १९०२ सालीं फोर्टांतील एका वैष्णव घराण्यांतल्या बॅरिस्टराच्या कुलपास लागली, हा केवळ योगायोग नव्हे. दोन्हीकडे कुलूप एकच होतें.

या दलालांच्या परंपरेविषयीं येथें थोडें विषयांतर करणें प्राप्त आहे. आयुष्याच्या विम्याचा आरंभ दलालांवांचून झाला. स्कॉटलंडांतील धर्मोपदेशकांच्या विधवांसाठीं १७४४ सालीं जो फंड निघाला त्यास गिऱ्हाईक शोधावें लागलें नाहीं. उपदेशकांच्या याद्या धर्मसभांजवळ तयारच होत्या. लंडनच्या इक्विटेबल सोसायटीनें १७६२ पासून वयोमानानुसार हप्ते ठरविण्याची शास्त्रीय पद्धति चालविली, पण दलाल नेमले नाहींत व कमिशन दिलें नाहीं. ज्यास गरज असेल त्यानें कचेरींत यावें. तिची कीर्ति मोठी, परंतु दलाल नेमणाऱ्या नव्या कंपन्या विस्तारांत तिच्या पुष्कळ पुढें गेल्या. आपल्याकडेही हाच भेद आढळतो. सरकारी टपाल खात्याचा विमा १८८४ सालीं टपालांतील नोकरांसाठीं सुरू झाला. तेथें पगारपत्रक हीच यादी. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत आजीव सभासदांच्या आयुष्याचा विमा संस्थेच्या व्यवस्थेनें उतरला जाई. तेथेंही गोड बोलणाऱ्या मनुष्याची आवश्यकता नव्हती. जेथें यादी आधींच असते तेथें दलाल लागत नाहीं. जेथें ती मोठ्या शहराच्या गर्दींतून एकेक नांव वेंचून करावी लागते तेथें तो लागतो.

ही वेंचणी अमेरिकेंत शास्त्राच्या पदवीस पोंचली. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल कंपनीनें १८४३ पासून दलाल घरोघर धाडण्याची प्रथा वाढविली. १८५९ मध्यें हेन्री हाइड यानें तेथेंच दुसरी इक्विटेबल कंपनी काढली, आणि लंडनच्या इक्विटेबलचें केवळ नांव घेऊन तिच्या रीतीचें नेमकें उलट केलें. दलालांस स्फुरण देणें हेंच त्याचें मुख्य काम होतें. १८६८ पासून त्यानें टॉन्टिन पद्धतीच्या पॉलिसी विकल्या. जो मध्येंच हप्ता चुकवील त्याचें गेलेलें द्रव्य शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत वांटावयाचें, असा त्यांतील इंगित होता. शतकाच्या अखेरीस म्युच्युअल, इक्विटेबल व न्यूयॉर्क लाइफ या तिघींची चढाओढ अमेरिकेबाहेर दूरदूरच्या देशांत पोंचली होती. मुंबईस आलेल्या दलालाच्या कंपनीचें नांव गांधीजींनीं दिलेलें नाहीं. परंतु तो कोणत्या शाळेंत शिकला होता हें त्याच्या बोलण्यावरून ओळखूं येतें.

तथापि, दलालाचें बोलणें हें अर्धेंच काम होय. उरलेलें अर्धें गिऱ्हाइकाचें मन करतें, आणि या वृत्तांताचें अपूर्वत्व असें कीं, तें अर्धेंही आंतून लिहिलेलें आपणांस मिळतें. तो मनुष्य बोलत असतां गांधीजींच्या डोळ्यांपुढें पत्नी व मुलें उभीं राहिलीं. पत्नीचे बहुतेक दागिने आपण विकून टाकले; आपलें कांहीं बरेंवाईट झालें तर या सर्वांचा भार गरीब बिचाऱ्या भावावर पडेल; आणि त्या भावानें तर आजवर वडिलांची जागा भरून काढली आहे; हें आपणांस शोभेल काय? असा विचार करून त्यांनीं स्वतःच स्वतःचें मन वळविलें. दागिन्यांची गोष्ट दलालास ठाऊक असण्याचा संभव नाहीं. लक्ष्मीदासभाईंचे उपकार त्यास कोठून कळणार? त्यानें फक्त बायकामुलांचें चित्र उभें राहील इतकाच अवकाश करून दिला, आणि त्या चित्रांत रंग गिऱ्हाइकानें आपल्या पदरचा भरला. कुशल दलालाची ओळख हीच असावी.

येथें एक शंका उपस्थित होते. याच पांच महिन्यांत, गिरगांवच्या घरीं राहावयास जातांच, दुसरा मुलगा मणिलाल, सुमारें दहा वर्षांचा, विषमज्वरानें अंथरुणास खिळला. फुप्फुसालाही दाह झाला व रात्रीं वात होऊं लागला. पारशी डॉक्टरानें अंडीं व कोंबडीचा रस्सा द्यावा असें सांगितलें. गांधीजींनीं तें नाकारलें, जलोपचार केले, आणि ईश्वरावर भार टाकून रात्र काढली. हा प्रसंग आत्मकथेंत तिसऱ्या भागांत आहे, व विम्याचा चौथ्या भागांत. दोहोंचा परस्परसंबंध लेखकानें कोठेंही जोडलेला नाहीं. दलाल मुलाच्या दुखण्याच्या आधीं आला कीं नंतर, हें उपलब्ध मजकुरावरून ठरत नाहीं. परंतु आधीं असो वा नंतर असो, एकाच ऋतूंत एकाच मनुष्यानें मुलाच्या प्राणावर बेतली असतां डॉक्टराचा सल्ला श्रद्धेच्या बळावर परतविला, आणि त्याच श्रद्धेस बाध आणणारी म्हणून आजवर टाळलेली पॉलिसी एका हंसतमुख परक्याच्या हातून घेतली. प्रस्तुत लेखकाच्या मतें याचें कारण श्रद्धेच्या कमीजास्तपणांत शोधूं नये. डॉक्टरानें धर्माविरुद्ध आहार सांगितला. दलालानें धर्माच्याच नांवानें मागणी केली व ती भावाच्या ऋणाशीं जाऊन भिडली. पहिल्याशीं झगडणें सोपें होतें.

फोर्टाच्या त्या भागांत विम्याच्या कचेऱ्यांची उणीव नव्हती. देशी आयुष्यें नेहमींच्या दरानें घेण्याचा उपक्रम बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनें १८७० सालीं केला. तत्पूर्वीं विलायती कंपन्या हिंदी मनुष्याचा विमा एक तर घेत नसत किंवा घेतला तर वाढीव हप्ता लावीत. १८७४ मध्यें ओरिएंटल कंपनी स्थापन झाली. तिची इमारत फ्लोरा फाउंटनजवळ, म्हणजे गांधीजींच्या कचेरीपासून चालत जाण्याच्या टप्प्यांत होती. १८९७ मध्यें एम्पायर ऑफ इंडिया निघाली. असें असतां पॉलिसी अमेरिकन कंपनीची घेतली गेली, यावरून गिऱ्हाइकानें कंपन्यांची तुलना केली नव्हती असें अनुमान होतें. कंपनी निवडली जात नसे. जो दारीं येई त्याची कंपनी ती आपली कंपनी होई.

पुढें वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली व तिजबरोबर विमा कंपन्यांचेंही पीक आलें. कलकत्त्यास नॅशनल व मद्रासेस युनायटेड इंडिया या १९०६ सालीं, तर हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह ही १९०७ सालीं ठाकुर घराण्याच्या जोडासांको येथील वाड्यांत जन्मास आली. महाराष्ट्रांत अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं सातारा येथें वेस्टर्न इंडिया लाइफ ही कंपनी काढली. छत्रपतींच्या राजधानींत, मुंबईपुण्याच्या भांडवलापासून दूर, अशी कंपनी उभी राहणें व टिकणें हें तिच्या दलालांनीं तालुक्यातालुक्याच्या गांवीं वकील, शिक्षक व कारकून यांचीं दारें ठोठावल्याशिवाय शक्य नव्हतें. स्वदेशी दलालाचें भाषण कसें असेल याची कल्पना १९०२ च्या वृत्तांतावरून करतां येते. सांगाडा तोच, अमेरिकेंतील आपल्या दर्जाच्या गृहस्थांच्या जागीं देशाभिमानी गृहस्थ आले, आणि धर्मकर्तव्याच्या जागीं राष्ट्रकर्तव्य आलें. या कंपन्यांचे दलाल बहुधा त्याच गांवचे, नात्यागोत्याचे असत. अमेरिकन मनुष्यास जुन्या स्नेह्याचा आविर्भाव आणावा लागला. सातारच्या दलालास तो आणण्याची जरूर नव्हती, आणि म्हणून त्यास नाहीं म्हणणें अधिक कठीण असावें.

या सर्व उद्योगामागें द्रव्याचा जो हिशेब होता त्याकडेही पाहिलें पाहिजे, कारण त्यावांचून पुढील प्रकार समजणार नाहीं. दलालास कमिशन मुख्यतः पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मिळे. पुढील हप्त्यांवर अगदीं थोडें. १९३८ च्या विमा कायद्यानें त्यास मर्यादा घातली, ती मर्यादासुद्धां पहिल्या हप्त्यावर शेंकडा ४० व पुढील हप्त्यांवर शेंकडा ५ अशी होती, आणि नव्या कंपन्यांस त्याहूनही सवलत होती. ज्या धंद्यांत मर्यादा एवढी, त्यांत अमर्याद काळीं काय चालत असेल याचा विचार वाचकांनींच करावा. परिणाम दोन झाले. एक, नवें गिऱ्हाईक मिळविणें हें जुनें टिकविण्याहून शतपट लाभाचें ठरलें. दुसरा, एका गिऱ्हाइकामागें दोन दलाल लागले कीं, आपल्या कमिशनांतील भाग गिऱ्हाइकास परत देण्याची चढाओढ लागे, आणि हुशार गिऱ्हाईक ती मुद्दाम लावी. म्हणून १९३८ च्या कायद्यानें अशी सूट देणें व घेणें निषिद्ध केलें व दलालास सरकारी परवाना आवश्यक केला. १९१२ च्या पहिल्या कायद्याचें लक्ष कंपन्यांच्या हिशेबांवर होतें. दलाल हा मनुष्य कायद्याच्या दृष्टीस ठळकपणें पडण्यास आणखी सव्वीस वर्षें लागलीं. अमेरिकेंत हाच प्रश्न १९०५ सालीं न्यूयॉर्कच्या चौकशी समितीपुढें आला. चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनीं तेथील बड्या कंपन्यांची उलटतपासणी केली, आणि पुढील वर्षींच्या कायद्यानें नवें काम मिळविण्याच्या खर्चास आळा घातला. मुंबईंतील भेट या चौकशीच्या तीन वर्षें आधींची आहे.

आतां पॉलिसीचें पुढें काय झालें तें सांगितलें म्हणजे हकीकत पुरी झाली. १९०३ मध्यें गांधीजी जोहान्सबर्गास स्थायिक झाले. थिऑसफिस्ट मित्रांच्या सहवासांत गीतेचें पठण सुरू झालें. दांत घासतांना समोरच्या भिंतीवर श्लोक चिकटवून ते पाठ करीत. अपरिग्रह व समभाव या शब्दांनीं त्यांस पकडलें. विमा उतरून आपण बायकामुलांचें स्वावलंबन हिरावून घेतलें; जगांतील असंख्य गरिबांच्या कुटुंबांचें काय होतें? त्यांतलेच आपण कां नाहीं? असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. मग त्यांनीं मुंबईस रेवाशंकरभाईंस लिहिलें कीं, पॉलिसी बंद पडूं द्यावी. कांहीं परत मिळाल्यास घ्यावें, न मिळाल्यास भरलेले हप्ते गेले असें समजावें.

'कांहीं परत मिळाल्यास' या शब्दांतही इतिहास आहे. पॉलिसी सोडणाऱ्यास कांहीं मिळावें, हा हक्क आपोआप निर्माण झालेला नाहीं. एलायझर राइट या अमेरिकन गणितज्ञानें १८४४ मध्यें लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्यें म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसी लिलांवानें विकतांना पाहिल्या. हप्ता भरण्याची ताकद न उरलेल्यांस कंपनी कांहीं देत नसे, म्हणून ते आपलें मरण सट्टेवाल्यांस विकीत. त्या दृश्यानें अस्वस्थ होऊन त्यानें पुढें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १८६१ सालीं, हप्ता चुकला तरी पॉलिसी पूर्णपणें जप्त होऊं नये, असा कायदा करविला. तथापि तो एका संस्थानापुरता होता, आणि वर्षदीड वर्षाच्या पॉलिसीच्या हप्त्यांतून दलालीचा खर्च वजा जातां फारसें कांहीं उरतही नसे. गांधीजींनीं पैसे गेले असें समजण्याची तयारी ठेवली, ती व्यवहारदृष्ट्याही योग्यच होती.

दलालास याची वार्ता बहुधा लागली नसेल. त्याच्या वहींत हें नांव मिळालेल्यांच्या पानावर राहिलें असेल, सोडलेल्यांच्या नव्हे. त्याचा संबंध पहिल्या हप्त्याबरोबर संपला होता.

ज्यास तें लागलें तो निराळाच मनुष्य. त्याच सुमारास गांधीजींनीं राजकोटास थोरल्या भावास लिहिलें कीं, आजवर जें शिलकेस पडलें तें आपणांकडे पाठविलें, यापुढें कांहीं येणार नाहीं. जें उरेल तें येथील लोकांच्या कार्यीं खर्च होईल. पॉलिसी घेण्याच्या वेळीं ज्या भावाचा भार डोळ्यांपुढें उभा राहिला होता, तोच हा भाऊ. लक्ष्मीदासभाईंनीं रुष्ट होऊन, वडिलांप्रमाणें कुटुंबाचें पोषण करणें हें तुझें कर्तव्य आहे असें उत्तर लिहिलें. गांधीजींनीं कुटुंब या शब्दाचा अर्थ थोडा विस्तृत करावा अशी विनंति केली. आणि पत्रव्यवहार तुटला. अखेरच्या दिवसांत भावाचें मन निवळलें व त्यांनीं क्षमा मागणारें पत्र लिहून आपले मुलगे गांधीजींच्या हवालीं केले, परंतु दोघांची भेट झाली नाहीं. लक्ष्मीदासभाई १९१४ सालीं वारले. गांधीजी तेव्हां अद्याप दक्षिण आफ्रिकेंत होते.